दोन प्रतींतला फरक

संगणकावर काम करणाऱ्या बहुतेक घरांत एक आजार हमखास आढळतो. ‘अहवाल’, ‘अहवाल नवा’, ‘अहवाल अंतिम’, ‘अहवाल अंतिम २’ आणि ‘अहवाल अगदी अंतिम’ अशा नावांच्या फायली एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदत असतात. त्यांतली खरी अंतिम कोणती, हे ज्याने त्या केल्या त्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही. त्यातच कधी तरी सुरक्षा म्हणून ते सगळे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवलेले असते. मग संगणकावरचे फोल्डर एका वाटेने वाढते, पेन ड्राइव्हवरचे दुसऱ्या. जागा कमी पडली की प्रश्न उभा राहतो, यातले पुसायचे काय? आणि न पाहता पुसले, तर गेले ते नेमके काय होते?

या प्रश्नावर एक जुना, साधा आणि फुकट मिळणारा उपाय आहे, त्याविषयी आज बोलायचे आहे. मी भाषांतराचे आणि संपादनाचे काम करते. एकाच मजकुराच्या दोन प्रती शेजारी ठेवून त्यांत काय बदलले हे पाहणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. पण हे काम मी डोळ्यांवर सोपवत नाही. ज्या टेक्स्ट एडिटरमध्ये मी लिहिते, त्याच्याकडूनच ते करून घेते. टेक्स्ट एडिटर म्हणजे केवळ अक्षरे लिहिण्या-दुरुस्त करण्याचे साधन. त्यात ठळक-तिरप्या अक्षरांची, रंगांची सजावट नसते. असते ती फक्त अक्षरांची ओळ. म्हणूनच तुलनेसाठी ते उत्तम.

डोळ्यांवर भिस्त का ठेवू नये? कारण डोळा अक्षरे वाचत नाही, अर्थ वाचतो. ओळखीचा मजकूर असला की तो पुढचा शब्द मनानेच भरून घेतो. छापखान्यांना हे पक्के ठाऊक होते. तिथे एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रुफावरून बोट फिरवायचा. एकट्या माणसाने दोन कागदांवर आळीपाळीने नजर टाकणे भरवशाचे नाही, हा त्यामागचा अनुभव होता.

याच कामाचे सर्वांत भव्य उदाहरण आपल्या पुण्यातच घडले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. ते काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. भारतभरातून मिळवलेल्या हस्तलिखितांतले पाठभेद नोंदवण्यासाठी तिथे आडव्या-उभ्या रेघा आखलेले कागद वापरत. सर्वांत वर छापील प्रतीतला श्लोक, एकेका घरात एकेक अक्षर. खाली प्रत्येक हस्तलिखिताला एक ओळ. जिथे अक्षर वेगळे सापडेल, तिथे ते बरोबर त्याच्या घराखाली लिहायचे. म्हणजे जे सारखे आहे त्यावर वेळ दवडायचा नाही, फक्त फरक टिपायचा. डॉ. वि. सी. सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या शिस्तीने हे केले, तीच शिस्त संगणकाला शिकवता येईल का, असा प्रश्न आपण विचारू शकतो.

ती शिकवली गेली, पण अगदी वेगळ्या गरजेपोटी. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्स ही संगणक प्रणाली आकार घेत होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना रोजचा प्रश्न पडे, काल चालत होते ते आज का चालत नाही? काल आणि आज यांत बदलले काय? तिथल्या डग्लस मॅकिलरॉय यांनी यासाठी ‘डिफ’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. १९७४ मध्ये तो युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला आणि १९७६ मध्ये जेम्स हंट व मॅकिलरॉय यांनी त्यामागची रीत एका अहवालात मांडली.

ही रीत समजायला वाण्याची यादी पुरे. मागच्या महिन्याची यादी होती तांदूळ, साखर, चहा, गूळ. या महिन्याची आहे पोहे, तांदूळ, साखर, गूळ. आता पहिली ओळ पहिलीशी, दुसरी दुसरीशी अशी जुळवत गेलो, तर तांदळासमोर पोहे येतात, साखरेसमोर तांदूळ आणि चहासमोर साखर. चारपैकी तीन ओळी बदलल्या असे दिसते. खरे तर पोहे आले आणि चहा गेला, एवढेच घडले आहे. वर एक ओळ घातल्याने खालचे सगळे घसरले.

‘डिफ’ वेगळे करतो. दोन याद्या समोरासमोर दोन रांगांत उभ्या आहेत असे समजा. दोन्हीकडे जे नाव सारखे, त्या दोघांमध्ये एक दोरी बांधायची. अट एकच, कोणतीही दोरी दुसरीला ओलांडता कामा नये. या अटीत राहून जास्तीत जास्त दोऱ्या बांधायच्या. तांदळाची, साखरेची आणि गुळाची अशा तीन दोऱ्या बसतात. जुन्या रांगेत ज्याला दोरी मिळाली नाही ते गेले, नव्या रांगेत ज्याला मिळाली नाही ते आले. संपला हिशेब. चार ओळींत हे सोपे वाटते, पण हजारो ओळींच्या मजकुरात सर्वांत जास्त दोऱ्या कशा बसतील हे झटपट काढणे कौशल्याचे काम आहे. १९८६ मध्ये युजीन मायर्स यांनी त्यासाठी आणखी चपळ रीत मांडली. दोन प्रतींत फरक जितका थोडा, तितके तिचे काम लवकर उरकते. जगभरचे प्रोग्रॅमर आज ‘गिट’ नावाचे जे साधन वापरतात, तेही आपणहून मायर्स यांचीच रीत वापरते.

दोऱ्या ओलांडायच्या नाहीत, या अटीचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवावा. तुम्ही एखादा परिच्छेद वरून उचलून खाली नेलात, तर त्याची दोरी इतर दोऱ्यांना ओलांडते. म्हणून ‘डिफ’ त्याला हलवलेला म्हणत नाही. एका ठिकाणी गेला आणि दुसऱ्या ठिकाणी नवा आला, असे सांगतो. पहिल्यांदा वापरणारा माणूस हे पाहून घाबरतो. घाबरू नये, खाली शोधावे.

‘डिफ’चे उत्तर मुळात नुसत्या ओळींची जंत्री असे. ते माणसाला वाचायला सोयीचे झाले टेक्स्ट एडिटरमुळे. दोन जुनी आणि अजून वापरात असलेली नावे सांगते. पहिले ‘व्हिम’. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी ते १९९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्याची देखभाल करत राहिले. २००१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात दोन फायली शेजारी शेजारी उघडून तुलना करण्याची सोय आहे. दुसरे रिचर्ड स्टॉलमन यांचे ‘ग्नू इमॅक्स’. ते १९८५चे. त्यातले तुलनेचे साधन ‘एडिफ’ मायकेल किफर यांनी लिहिले. दोन्ही संपादक मोफत मिळतात आणि दोन्ही विंडोजवरही चालतात.

पडद्यावर काय दिसते ते सांगते. डावीकडे एक प्रत, उजवीकडे दुसरी. एक सरकवली की दुसरी बरोबर सरकते. व्हिम तर जिथे काहीच बदललेले नाही तो लांबलचक भाग घडी घालून एका ओळीत ठेवतो. तीनशे ओळींच्या मजकुरात पाचच ठिकाणी फरक असेल, तर नजरेसमोर ती पाचच ठिकाणे आणि त्यांच्या आजूबाजूच्या थोड्या ओळी उरतात. बदललेली ओळ एका रंगात, आणि तिच्यात नेमका बदललेला भाग आणखी वेगळ्या रंगात.

मग कळा. एडिफमध्ये एन दाबले की पुढचा फरक, पी दाबले की मागचा. फरकावर उभे राहून ए दाबले की पहिल्या प्रतीतला मजकूर दुसरीत जातो, बी दाबले की दुसरीतला पहिलीत येतो. व्हिममध्ये डी आणि ओ पाठोपाठ दाबले की तिकडचे इकडे येते, डी आणि पी दाबले की इकडचे तिकडे जाते. एवढ्या चार-पाच कळा हाताला बसल्या की झाले. फरक जिथे दिसतो तिथेच तो मिटवता येतो. चुकीचे घडले तर मागे घेता येते. एका साधनात फरक पाहा, तो कागदावर टिपा, दुसऱ्या साधनात जाऊन दुरुस्त करा, ही ये-जा वाचते.

या दोन संपादकांची सवय नसलेल्यांनीही निराश होऊ नये. विंडोजवर लोकप्रिय असलेल्या ‘नोटपॅड प्लस प्लस’ला तुलनेची जोडणी बसवता येते. ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’मध्ये तर एका फाइलवर माउसची उजवी कळ दाबून ती तुलनेसाठी निवडायची आणि दुसरीवर तसेच करून निवडलेलीशी ताडून पाहायची. वर्डच्या फायलींसाठी वर्डमध्येच ‘कम्पेअर’ची सोय आहे. किंवा दोन्ही फायली साध्या मजकुराच्या रूपात साठवून एडिटरमध्ये उघडाव्यात.

हे सगळे प्रोग्रॅमरांचे खेळ, आपल्याला काय त्याचे, असे वाटेल म्हणून एक अनुभव सांगते. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला होता. विकासकाकडून कराराचा मसुदा आला, तो सभेत वाचला गेला, बहुतेकांनी मान्य केला. तीन आठवड्यांनी दुसरा मसुदा आला. सोबतच्या पत्रात लिहिले होते, शुद्धलेखनाच्या किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत. बेचाळीस पाने कोण पुन्हा वाचणार? मी दोन्ही मसुदे साध्या मजकुरात उतरवून एडिटरमध्ये शेजारी उघडले. एकूण चौदा फरक निघाले. तेरा खरोखरच ऱ्हस्व-दीर्घाचे आणि स्वल्पविरामाचे होते. चौदाव्या ठिकाणी आधी ‘पर्यायी जागेचे भाडे आणि स्थलांतराचा खर्च’ असे होते, तिथे आता ‘पर्यायी जागेचे भाडे किंवा स्थलांतराचा खर्च’ असे झाले होते.

‘आणि’च्या जागी ‘किंवा’. सामान एकदा हलवण्याचा खर्च दिला, की भाडे देण्याची जबाबदारी संपली, असा त्याचा अर्थ लावता आला असता. आमच्यातल्या निवृत्त जोडप्यांना दोन-अडीच वर्षांचे भाडे पदरचे भरणे शक्य नव्हते. हा बदल कुणी मुद्दाम केला की टंकलेखनात झाला, मला ठाऊक नाही आणि ते शोधण्याची गरजही पडली नाही. दोन ओळींची छापील प्रत पुढे ठेवली, समोरच्यांनी शब्द पूर्ववत केला. तुलनेला लागली ती दहा मिनिटे. ऱ्हस्व-दीर्घाच्या तेरा दुरुस्त्यांच्या गर्दीत तो एक शब्द नजरेतून सहज सुटला असता.

आता एका फाइलवरून पूर्ण फोल्डरकडे वळू. इथे कामाची चाळणी आधी मोठ्या भोकांची आणि मग बारीक असावी. पहिल्या चाळणीत फक्त तीन ढीग करायचे. एक, ज्या फायली एकाच बाजूला आहेत. दोन, ज्या दोन्हीकडे आहेत आणि हुबेहूब सारख्या आहेत. तीन, ज्या दोन्हीकडे आहेत पण आतून वेगळ्या आहेत. इमॅक्सला दोन फोल्डरांची नावे दिली की तो दोन्हीकडे असलेल्या फायलींची यादी मांडतो. सारख्या फायलींवर बरोबरचे चिन्ह घालून त्या यादीतून लपवता येतात. उरलेल्यांपैकी एकेकीवर एंटर दाबले की दोन प्रती शेजारी शेजारी उघडतात. मूळ ‘डिफ’ला आर आणि क्यू ही अक्षरे जोडली, तर तोही पोटफोल्डरांत शिरून कोणत्या फायली वेगळ्या एवढेच थोडक्यात सांगतो. पोटफोल्डरांत आपोआप शिरणे सगळ्याच साधनांना जमत नाही, तेवढे आधी तपासावे.

माझ्या भाषांतरांच्या दोन साठ्यांची अशी तुलना केली, तेव्हा एकंदर १,१४० नावे होती. त्यांतली १,०९१ दोन्हीकडे हुबेहूब निघाली. ३१ एकाच बाजूला होती. प्रत्यक्ष उघडून पाहण्याजोग्या उरल्या फक्त १८. एका संध्याकाळचे काम. सगळ्या उघडून पाहायच्या म्हटल्या असत्या, तर वर्ष सरले असते.

इथे बरेच जण तारीख पाहून निकाल देतात. नवी तारीख ती खरी, जुनी ती पुसा. हे धोक्याचे आहे. फाइल नुसती उघडून काही न बदलता पुन्हा साठवली, तरी तारीख नवी होते. माझ्या त्या अठरांपैकी तिघींत जुन्या तारखेची प्रतच अधिक दुरुस्त निघाली. शिवाय पेन ड्राइव्हवर अनेकदा जी ‘फॅट’ नावाची मांडणी असते, ती बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदवते. त्यामुळे तीच फाइल एखाद्या सेकंदाने वेगळी भासू शकते. आकारावरही विसंबू नये. २५,००० रुपयांचे ५२,००० झाले, तरी फाइलचा आकार एका खुणेनेही बदलत नाही. खात्री करायची तर आतला मजकूरच ताडून पाहायला हवा.

मराठी मजकुराची तुलना करताना आणखी एक गंमत होते. दोन ओळी डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात आणि संगणक म्हणतो, वेगळ्या आहेत. माणूस चक्रावतो. पण संगणक खरे बोलत असतो. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ऱ्य घ्या. युनिकोडमध्ये तो खास मराठीतल्या अर्ध्या र साठी वापरल्या जाणाऱ्या ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिता येतो, किंवा साध्या र ला हलन्त आणि मागून एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही लिहिता येतो. दिसायला एकच, आतून दोन. ‘ॲ’चेही तसेच. काही कळफलक अ वर चंद्र काढतात, काही ‘ॲ’ हे एकसंध अक्षर वापरतात. हे अक्षर युनिकोडमध्ये आलेच मुळी २००८ मध्ये. म्हणून त्याआधीचे टंकलेखन आणि नंतरचे टंकलेखन ताडून पाहिले, की ‘ॲसिड’पासून ‘ॲडव्होकेट’पर्यंत सगळे रंगीत होते. असे झाले तर आधी दोन्ही प्रतींत एकच पद्धत शोधून-बदलून घ्यावी आणि मग तुलना करावी.

ओळींच्या शेवटाचा घोळही असाच. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवते, लिनक्स एक. सगळी फाइल वरपासून खालपर्यंत बदललेली दिसली, तर बहुधा हेच कारण. आणि आपण मराठीत सबंध परिच्छेद एका दमात टंकतो, तो संगणकाच्या लेखी एकच ओळ असते. त्यात एक काना बदलला, तरी दहा वाक्यांची ओळ वेगळी ठरते. जो मजकूर वारंवार बदलणार आहे, त्यात मी प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिते. छापताना ती जोडून घेता येतात, आणि तुलना करताना फरक वाक्यापुरताच राहतो.

शेवटी एक मुद्दा, या साधनाच्या मर्यादेचा. दोन प्रतींत फरक कुठे आहे हे ते चोख सांगते. बदल कोणी केला हे नुसत्या दोन प्रतींवरून कळत नाही. समजा, एकाच शब्दसूचीवर दोघी जणी घरी बसून काम करत आहेत. एकीच्या प्रतीत एक नोंद आहे, दुसरीच्या प्रतीत नाही. पहिलीने ती घातली, की दुसरीने काढली? दोन प्रती समोर ठेवून याचे उत्तर कधीच मिळणार नाही. पण दोघींनी जिथून सुरुवात केली ती मूळ प्रत जपलेली असेल, तर लगेच मिळते. मूळ प्रतीत नोंद असेल तर दुसरीने काढली, नसेल तर पहिलीने घातली. एडिफमध्ये अशी पूर्वज प्रत धरून तुलना करण्याची सोय आहे. म्हणून काम वाटून देण्याआधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी आणि तिला हात लावू नये.

आणि बदललेल्या दोहोंतले योग्य कोणते, हे तर यंत्र सांगूच शकत नाही. भांडारकरच्या पंडितांनी पाठभेद नोंदवल्यानंतर खरे काम सुरू होई ते पाठ निवडण्याचे. आमच्या करारातही ‘आणि’ आणि ‘किंवा’ हे दोन शब्द यंत्राच्या दृष्टीने स्वल्पविरामाइतकेच महत्त्वाचे होते. त्यातल्या एकाची किंमत काही लाख रुपये आहे, हे समजायला माणूस लागला. मात्र तो शब्द माणसासमोर आला, कारण बाकीची बेचाळीस पाने यंत्राने बाजूला केली होती.

तेव्हा एवढेच सुचवते. कोणतीही जुनी प्रत पुसण्याआधी, किंवा ‘किरकोळ बदल केले आहेत’ असे सांगून कोणी दुसरा कागद सहीसाठी पाठवला, तर सहीआधी दोन्ही प्रती एकदा शेजारी उघडाव्यात. फरक निघाला नाही, तर निर्धास्तपणे पुसावे, सही करावी. निघाला, तर त्याच ओळीपासून वाचायला सुरुवात करावी.